सव्वापाच वार मांजरपाट

पूर्णा जंक्शनला रूळ फुटतात,
एक फाटा नांदेडकडे, एक हिंगोलीकडे.
वरून बघणाऱ्याला पाटी वाचता येत नाही.
तो मनमाडपासून रूळ धरूनच उडत आलेला,
गुडघ्यावर नकाशा, नकाशावर चहाचा डाग,
अन् नेमका तिथंच चुकला.

फसली तेराशे बेचाळीस, पौषातली दुपार.
आम्ही वसमतच्या शिवारात हुरडा भाजत होतो.
आधी बैलांनी कान टवकारले, मग कुत्र्यांनी,
शेवटी आम्ही.
जिनिंगच्या धुराड्याला वळसा घालून ते खाली आलं,
पंखावर पंख, मधे तारा,
बाजेवर बाज बांधून कुणी वाऱ्यावर सोडावी तसं.
वेचून झालेल्या कापसाच्या रानात टेकलं,
उड्या मारत गेलं,
आणि पऱ्हाट्यांनी खालचा पंख
बगलेपासून कोपरापर्यंत फाडला.

लोक लांब उभे.
माझा बाप, कोंडाजी शिंपी, तेवढा पुढं गेला.
देवाला लावावा तसा नाही,
गिऱ्हाइकाच्या अंगरख्याला लावावा तसा हात लावला.
"कापड हाय रे," म्हणाला.
मग गाव एक पाऊल पुढं सरकलं.

उडवणारा पोरसवदा पारशी, चष्मा कपाळावर चढवलेला.
नाव सांगितलं केरसास्प.
गावाच्या जिभेला ते पेलेना.
कुणी केरसाप म्हणालं.
तिसऱ्या तोंडी त्याचा केरबा झाला,
तो तसाच राहिला.

करोडगिरीचा नाकेदार घाम पुसत आला,
रजिस्टर उघडून विचारलं, कोणत्या नाक्यानं आलात?
केरबानं वर बोट केलं.
नाकेदारानं वर पाहिलं, बराच वेळ,
आणि त्या रकान्यात रेघ मारली.

पेट्रोल नांदेडहून रात्रीच्या गाडीनं येणार होतं.
पंखाचं काय?
दुकानात पुरेल असं एकच मांजरपाट होतं,
मयतासाठी वेगळं काढून ठेवलेलं,
कोरं, सव्वापाच वार.
बापानं माझ्याकडं पाहिलं.
मी काही बोललो नाही.
आज पहिल्यांदा सांगतोय.

रात्रभर त्यानं शिवलं. कंदील माझ्या हातात.
केरबा म्हणे, टाके आणखी जवळ घाला,
वारा दात घालतो.
किती वारा?
ताशी ऐंशी मैल.
बापाची सुई थांबली.
ऐंशी मैल म्हणजे बहिणीचं गाव,
बैलगाडीनं जाऊन-येऊन चार दिवस.
मग त्यानं दोरा दुहेरी केला.

कापड ताणायचं उग्र वासाचं रोगण
डब्यासकट रानात सांडलेलं.
धनगरगल्लीतून ठकूबाई आली,
घोंगड्यांसाठी शिजवलेली चिंचोक्याची खळ
मडकंभर घेऊन.
पहाटे पंख वाळला. टिचकी मारली
तर डफासारखा बोलला.

शिलाई किती?
कोटाएवढी द्या.
दोन रुपये दिले त्यानं. हाली नव्हे, कलदार.

उजाडता पऱ्हाट्या उपटून आम्ही वाट केली.
ते धावलं, अडखळलं, उठलं.
ठिगळ उन्हात पिवळसर दिसलं थोडा वेळ,
मग नुसता आवाज,
मग तोही नाही.
बाप मान वर करून उभा,
ओठ हलत होते. टाके मोजत असावा.

पुढं पोस्टमास्तर शिळा पेपर वाचून दाखवायचे.
कुणी एकट्यानं समुद्र ओलांडला,
कुणी बाई विलायतेहून ऑस्ट्रेलियाला पोचली,
हिमालयाच्या माथ्यावरूनही कुणी जाऊन आलं.
मैलाचा दगड आहे हा, मास्तर म्हणायचे.
बाप काज करता करता ऐकायचा,
दोरा दातानं तोडायचा,
अन् एवढंच विचारायचा,
"रात्री शिवत कोन बसलं व्हतं?"

मास्तर पान उलटून बघायचे.
मागच्या बाजूला
केसांच्या तेलाची जाहिरात असायची.